माढा कुठं आलं?

(मंडळाच्या मासिक गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



कार्यकारिणीनं मला विषय विचारला तेव्हा मी 'क्लाउड' सांगेन अशी सगळ्यांची खात्री होती. मी म्हटलं, माढा लोकसभा मतदारसंघ. फोनवर पलीकडे जी शांतता पसरली, ती मी अजून विसरलेलो नाही! मग हळूच प्रश्न आला, "राजकारण नाही ना?" तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, आज मी कोणाचा प्रचार करणार नाही. चहा येईपर्यंत कोणाला राग येणार नाही याची हमी. चहानंतरची नाही.

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडी आणि म्हसवडच्या मध्ये कुठंतरी. जिल्हा सातारा. साताऱ्याचं नाव काढलं की लोकांना कास पठार, महाबळेश्वर, धबधबे आठवतात. आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, म्हसवडचा सिद्धनाथ, मेंढरं, बाजरी आणि पाण्याचा टँकर. मस्कतला पहिल्यांदा उतरलो आणि विमानतळावरून येताना हे उघडे बोडके डोंगर बघितले, तेव्हा सोबतचा सहकारी म्हणाला, "कसं वाटेल रे इथं राहायला?" मी म्हटलं, मला तर घरी आल्यासारखं वाटतंय!

तर २००९ साल. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला होतो, वय एकवीस, आयुष्यातलं पहिलं मतदान. २३ एप्रिल, गुरुवार. आदल्या दिवशी एसटीनं उभ्यानं गावी गेलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. त्यामुळे निवडणूक म्हणजे आमच्या घरात ड्यूटी. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावात मतपेटी, चुकलो, मतदान यंत्र घेऊन गेलेले. आज्जीला घेऊन केंद्रावर जायची जबाबदारी माझ्यावर. वाटेत आज्जीनं विचारलं, "आपला मतदारसंघ कंचा म्हनला रं?"

"माढा."

"माढा? ते कुठं आलं?"

मी इंजिनियर होणार होतो, पण मलाही नीट माहीत नव्हतं! सोलापूर जिल्ह्यात आहे एवढं ठाऊक होतं. नंतर नकाशा काढून बघितलं. दहिवडी ते माढा सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून जास्त. आज्जीचं सगळं आयुष्य साताऱ्याकडे तोंड करून गेलं होतं. कोर्ट साताऱ्यात, कलेक्टर साताऱ्यात, मोठा दवाखाना साताऱ्यात. आणि आता खासदार माढ्याचा. ती म्हणाली, "लगीन न ठरवताच सासर बदललं म्हनायचं." आणि जाऊन बटण दाबून आली. कोणतं, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आता हे सासर बदललं कसं? इथं थोडा हिशेब करू, हा भाग मला मनापासून आवडतो.

२००२ च्या परिसीमन कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्यानं २००१ च्या जनगणनेवर देशभरातल्या मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्या लागू झाल्या. कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे, त्याला आयोगानं हात लावायचा नव्हता. म्हणजे महाराष्ट्राच्या ४८ त्या ४८च. विधानसभेच्या २८८. एका खासदाराच्या हद्दीत सहा आमदार. बेरीज कायम, फक्त आतली वाटणी बदलायची. आमच्या धंद्यात याला 'लोड बॅलन्सिंग' म्हणतात. सर्व्हर तेवढेच, ज्याच्यावर भार जास्त त्याचा काढून दुसऱ्यावर टाकायचा.

भार कुठं वाढला होता? ठाणे जिल्ह्यात विधानसभेच्या तेरा जागा होत्या, त्या चोवीस झाल्या. तेराच्या चोवीस! पुणे जिल्ह्यात अठराच्या एकवीस. या जागा आकाशातून पडल्या नाहीत, त्या कोणाच्या तरी गेल्या. सोलापूर जिल्ह्याच्या तेरा होत्या, अकरा राहिल्या. साताऱ्याच्या दहाच्या आठ.

आता अकरा आणि आठ मिळून झाले एकोणीस. सहा-सहाचे गट करा. सोलापूर लोकसभेला सहा: सोलापूर शहराकडचे तीन, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर. सातारा लोकसभेला सहा. राहिले सात. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, बार्शी, माळशिरस आणि सांगोला, आणि सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण. त्यातली बार्शी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव मतदारसंघाला जोडली. उरलेल्या सहांची मोट बांधली आणि तिला नाव दिलं माढा.

म्हणजे खरं सांगायचं तर आमचा मतदारसंघ ही बाकी आहे. भागाकारात खाली उरते ती. मी हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाकी शून्य आली असती तर आपण कुठं गेलो असतो?" शिक्षक माणूस!

यात पंढरपूर नावाचा मतदारसंघच गेला. अनुसूचित जातींसाठी राखीव, रामदास आठवले १९९९ आणि २००४ ला तिथून निवडून आले होते. राखीव जागा सोलापूरला गेली आणि विठोबाचं गावही सोलापूरच्या हद्दीत गेलं. कराडही गेलं, तेही जुनं आणि वजनदार नाव. इथं बसलेल्यांपैकी कोकणातल्या मंडळींचं कुलाबा जाऊन रायगड झालं, राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. डोंबिवलीकरांना कल्याण मिळालं, पिंपरी-चिंचवडकरांना मावळ. आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याचा आजचा लोकसभा मतदारसंघ कोणता हे न बघता सांगू शकेल अशांनी हात वर करा बरं... हं. सात. सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. (मागच्या रांगेतला एक हात चहासाठी होता, तो धरलेला नाही.)

पण मला खरं बोलायचंय ते त्या 'भार कुठं वाढला' याबद्दल. ठाण्याच्या अकरा जागा वाढल्या त्या कशामुळे? माणसं गेली म्हणून. आणि कुठली गेली? माझे दोन चुलते नवी मुंबईत माथाडी होते. एक आत्तेभाऊ सोनं गाळायच्या धंद्यात, माणदेशातली कितीतरी पोरं त्या धंद्यात देशभर पसरलीयत. अर्धी भावकी घणसोली-कोपरखैरण्यात. गावच्या जत्रेला येतात, देवाला नारळ फोडतात, दोन दिवसांनी परत. जनगणनेच्या दिवशी ती तिकडं मोजली जातात. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या दोन जागा कोणी पळवल्या नाहीत. बऱ्याचशा आम्हीच सोबत घेऊन गेलो, ट्रंकेत घालून. चुलत्यांनी निदान त्या ठाण्यात नेऊन ठेवल्या. त्यांच्या मोजणीनं तिकडं आमदार वाढला. मी माझी मस्कतला आणली. इथं तिचा काहीच उपयोग नाही!

हे मला फार उशिरा कळलं, त्याची गोष्ट पुढे येते. त्याआधी माढ्याचं काय झालं ते थोडक्यात.

पहिल्याच निवडणुकीत शरद पवार बारामती सोडून माढ्यात उभे राहिले, तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. तेव्हा ते केंद्रात कृषिमंत्री. ज्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं ते माढा एका रात्रीत दिल्लीच्या बातम्यांत आलं. माझ्या पुण्याच्या होस्टेलमध्ये मला 'माढा' असंच नाव पडलं, आणि मी अजून माढ्याला गेलोही नव्हतो. २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील निवडून आले, सदाभाऊ खोतांच्या विरुद्ध, जेमतेम पंचवीस हजारांनी. २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर, २०२४ ला त्यांना हरवून धैर्यशील मोहिते-पाटील, एक लाख वीस हजारांनी. चार निवडणुका, चार खासदार. कोणाचाही बालेकिल्ला झालेला नाही. चांगलं की वाईट हे तुम्ही ठरवा. माझं मत असं की खासदाराला गावांची नावं पाठ होईपर्यंत पाच वर्षं संपतात.

आणि नावं पाठ होणं सोपं नाही हो. उजनी धरणाची भिंत माढा तालुक्यात, फुगवटा करमाळ्यात. धरणात घरं-जमिनी गेलेल्यांची तिसरी पिढी तिथं आहे. एकशे सतरा टीएमसीचं धरण! त्याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला आमचं माण. आमच्या तालुक्यात ब्रिटिशांनी बांधलेला राजेवाडीचा तलाव आहे, तर त्याचं पाणी जातं आटपाडी-सांगोल्याला. आम्ही भिंतीवर बसून बघायचं. आम्हाला कृष्णेचं पाणी उचलून आणायच्या योजनांची वाट बघावी लागली. अण्णांनी 'जिहे-कठापूर' हा शब्द माझ्या जन्माआधी ऐकला असावा असं मला लहानपणी वाटायचं. मध्ये सांगोला, डाळिंबांचा. रुवीच्या बाजारात भारतातलं डाळिंब दिसलं की मी पेटीवरचं लेबल वाचतो, सांगोला सापडेल म्हणून. एकदाही सापडलेलं नाही, पण वाचायचं सोडत नाही.

मला आधी वाटायचं की या सहा तालुक्यांत समान असं काहीच नाही, नुसती बाकीची मोट. पण रेष आखली की गंमत होते. नीरा नदी ही पुणे जिल्ह्याची हद्द. तिच्या डाव्या कालव्यावर बारामती, इंदापूर. उजव्या कालव्यावर फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोला. २००८ नंतर झालं काय, की डावा कालवा म्हणजे बारामती मतदारसंघ आणि उजवा म्हणजे बहुतांशी माढा. जून २०१९ मध्ये राज्य सरकारनं डाव्या कालव्याला मिळणारं जादा पाणी उजव्याकडे वळवायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये नंतरच्या सरकारनं तो निर्णय बदलला. कोणाचं बरोबर त्यात मी पडत नाही, हमी दिलीय. पण त्या वेळी फलटणचा माणूस आणि सांगोल्याचा माणूस पहिल्यांदा 'आपलं पाणी' असं एका तोंडानं बोलताना मी ऐकले. जिल्हे वेगळे, बोली थोडी वेगळी, पण एकच कालवा आणि आता एकच खासदार. आज्जीच्या भाषेत, सासर अंगवळणी पडायला लागलं होतं.

आता माझी गोष्ट.

२०१४ ला, १७ एप्रिलला, मी पुण्यात नोकरीला होतो. गावी गेलो नाही. कारण? ऑफिसात काम होतं. खरं कारण, सलग सुट्टी आली नाही. २०१६ ला मस्कतला आलो. २०१९ ला इथंच होतो. मधल्या काळात गावात मतदार यादीची तपासणी झाली. घरोघरी माणूस आला, "हे इथं राहतात का?" अण्णांनी माझ्या नावापुढे बोट ठेवलं आणि सांगितलं, "नाही. मस्कतला असतो." नाव कमी झालं.

मला फोनवर कळलं तेव्हा मी चिडलो. "अण्णा, तुम्हीच सांगितलंत?"

"मग काय खोटं सांगू? तीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूट्या केल्यात मी. राहत नाहीस म्हणून राहत नाही."

कायद्यानं ते बरोबर होते. जो तिथं सर्वसाधारणपणे राहत नाही त्याचं नाव त्या यादीत ठेवता येत नाही. मग त्यांनीच शोधून सांगितलं की आपल्यासाठी वेगळी वाट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं कलम २० अ आलं, २०११ पासून लागू. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसलं तर पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव लावता येतं. त्याचा अर्ज नमुना ६ अ. मी भरला. पासपोर्टची पानं, व्हिसाचं पान जोडलं. नाव लागलं. यादीच्या शेवटी, परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या भागात.

मात्र एक मेख आहे. मत द्यायला स्वतः जायचं, मूळ पासपोर्ट घेऊन. सैनिकांना, परदेशात नेमणुकीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना टपाली मतपत्रिकेची सोय आहे. आपल्याला नाही. २०१८ मध्ये लोकसभेनं आपल्यासाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक मंजूर केलं होतं, ते राज्यसभेपर्यंत पोचलं नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर बुडालं.

आणि बघा, ऑक्टोबर २०२३ मध्ये इथं मजलिस अश-शूराची निवडणूक झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा ओमानी सहकारी, त्याची विलायत इथून दोन तासांवर. त्यानं ऑफिसात बसून निवडणुकीचं ॲप उघडलं, ओळखपत्र फोनला लावलं, स्वतःचा फोटो काढला, मत दिलं, कॉफी प्यायला गेला. कॉफी गरम होती अजून! मी त्याला विचारलं, तुमच्याकडे जागा कशा ठरतात? तो म्हणाला, प्रत्येक विलायतीला एक, आणि तीस हजारांपेक्षा जास्त ओमानी असतील तर दोन. संपलं. मी त्याला माढ्याचा भागाकार समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं दुसरी कॉफी मागवली. अर्थात शूराचे अधिकार आणि आपल्या लोकसभेचे अधिकार यांची तुलना होत नाही, ते मला कळतं. मी फक्त कॉफीबद्दल बोलतोय.

माढ्याचं मतदान ७ मे २०२४, मंगळवार. मी तिकीट काढलं होतं, मस्कत-मुंबई, जाऊन-येऊन शंभरेक रियाल. अण्णांना कळवलं. त्यांनी गावभर सांगितलं. शुक्रवारी ऑफिसचा फोन आला, क्लायंटचं गो-लाइव्ह एक आठवडा अलीकडे आलंय. तुम्हा सगळ्यांना हा फोन माहीत आहे. मी भांडू शकलो असतो. नाही भांडलो. तिकीट रद्द केलं आणि अण्णांना मेसेज पाठवला. फोन नाही केला, मेसेज पाठवला. आणि अण्णा मेसेज बघत नाहीत हे मला माहीत होतं.

मंगळवारी रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "शाळेच्या कट्ट्यावर बसलो होतो सहा वाजेपर्यंत. म्हटलं मुंबईहून गाडीला उशीर झाला असंल." मी काय बोलणार? मग तेच म्हणाले, "ऊन लई होतं रे. बरं झालं न्हाई आलास." म्हातारा माणूस, मे महिन्याच्या उन्हात, माणमध्ये.

त्या वर्षाच्या शेवटी निवडणूक आयोगानं आकडे दिले. देशभरात परदेशस्थ मतदार नोंदवलेले १,१९,३७४. प्रत्यक्ष येऊन मत दिलेले २,९५८, त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंदणी ५,०९७ आणि मतदान किती? सतरा. सतराशे नाही, सतरा. मी त्या सतरांत नाही. तो आकडा बघितला आणि अण्णांचा कट्टा आठवला.

त्या नोव्हेंबरात विधानसभेला मात्र गेलो. वीस तारखेला मतदान, इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला जोडून. केंद्रावरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून बघितला. त्या बहुधा असा मतदार पहिल्यांदाच बघत होत्या. यादीचं शेवटचं पान उघडलं. वर परदेशस्थ मतदार असं लिहिलेलं आणि खाली एकच नाव. मागं उभे असलेले अण्णा वाकून वाकून बघत होते. बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही बाहेर थांबा." आयुष्यभर हे वाक्य त्यांनी इतरांना सांगितलेलं!

परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "पुढच्या जनगणनेत तुला कुठं धरणार?" १ मार्च २०२७ हा त्या जनगणनेचा संदर्भ दिवस. त्या वेळी मी मस्कतला असलो तर माणमध्ये धरणार नाहीत. इथं ओमाननं २०२० ची जनगणना सरकारी नोंदींवरूनच केली, त्यात तुम्ही-आम्ही सगळे आहोत, मतदार मात्र नाही. तिकडं मतदार आहे, पण माणसांत धरलेलो नाही. ८४ व्या घटनादुरुस्तीनं जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती, म्हणजे कधी ना कधी पुन्हा भागाकार होणार. तेव्हा माढा राहील का, माणला कुठं जोडतील, कोणी सांगावं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आता कुठं लोकांना माढा कुठं आलं ते कळायला लागलं होतं."

तर मंडळी, चहा आलाय असं दिसतंय. मागच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवलाय, नमुना ६ अ उघडून. पासपोर्ट बरोबर नसला तरी चालेल, फोनमध्ये त्याची प्रत सगळ्यांच्याच असते. पत्त्याचं पान, व्हिसाचं पान आणि एक फोटो. एका माणसाला वीस मिनिटं लागतात, तेव्हा आधी बटाटेवडा घ्या आणि मग रांगेत या. मघाशी हात वर केलेल्या सातांनी आधी यायला हरकत नाही.